अपाचा स्वस्तातला प्लॅन

कंपनीचा मेसेज आला तेव्हा उर्कुया चुलीशेजारी बसून चहात तळलेले बोर्सोक बुडवून खात होती. बारीक अक्षर तिला दिसत नाही आणि चष्मा ती घालत नाही, कारण चष्म्यात माणूस म्हातारं दिसतं म्हणे. तिनं फोन सुनेकडं सरकवला. मीरगुलनं ओले हात झग्याला पुसले आणि वाचून दाखवलं. तुमचा जुना प्लॅन बंद होतोय, महिनाअखेरपर्यंत नवा निवडा, नाहीतर आम्हीच एखादा लावून देऊ.

"म्हणजे महागडाच लावणार मेले," उर्कुया म्हणाली.

चामडी जाईल पण दमडी जाणार नाही अशी ही बाई. साखरेचा एक खडा दाढेत धरून तिचा चहाचा अख्खा समोवार संपतो आणि खडा उरतोच. आता तिनं सुनेला फर्मान सोडलं. मला कुठं लागतं इंटरनेट, लेकाचं, एरमेकचं तोंड बघते, बहिणीशी चार शब्द बोलते, झालं. उद्या तू कोचकोरच्या बाजारात कुरुताचे सुके दह्याचे गोळे विकायला जाशीलच, तर तिथल्या दुकानातून सगळ्यांत स्वस्त असेल तो बघून ये. दुकानदार गोड बोलून भारीतला गळ्यात मारतात, भुलू नकोस.

"नाही भुलणार, अपा," मीरगुल म्हणाली.

आमच्याकडं सासूला अपाच म्हणतात. नाव घ्यायचं नाही, आवाज चढवायचा नाही, पाठ दाखवून खोलीबाहेर जायचं नाही. मीरगुलनं यातलं काही म्हणता काही मोडलं नव्हतं. गावात तिचं उदाहरण देत, सून असावी तर अशी. पण त्या गुणी सुनेनं मनात डूख धरला होता, आणि त्या दिवशी फोन हातात घेतल्यावर तो डूख वळवळला. का, ते आधी सांगायलाच हवं.

मीरगुलचं पोर चालायला लागलं त्या वर्षीची गोष्ट. नवरा एरमेक तेव्हाही रशियात होता, बांधकामावर. नातू पहिली पावलं टाकायला लागला म्हणून उर्कुयानं पाय मोकळे करायचा सोहळा मांडला. काळ्यापांढऱ्या दोरीनं बाळाचे पाय बांधायचे, पोरं लांबून धावत यायची, पहिलं येईल त्यानं दोरी कापायची. सगळं गाव बोलावलेलं. मेंढ्या कापून झाल्या होत्या, कढया चढल्या होत्या, आणि समोवारापाशी मीरगुल बसली होती. पाहुण्यांना चहा ओतायचा तो सुनेनंच, तीच चाल आहे.

त्याच सकाळी चार खोरी पलीकडं, अक-झारला, मीरगुलची आई कुलिपा गेली. गोठ्यात बादली घेऊन बसली ती उठलीच नाही.

मीरगुलच्या भावानं, नूरदीननं, फोन उर्कुयाला केला. त्यात त्याचं काही चुकलं नाही. मरणाची बातमी आपण ज्याची त्याला तोंडावर सांगत नाही. घरच्या वडीलधाऱ्यांना कळवायचं, त्यांनी चार म्हातारी माणसं बोलवायची, शेजारी बसायचं, इकडचं तिकडचं बोलत बोलत सांगायचं, म्हणजे ऐकणारा कोसळला तर धरायला हात असतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आईला ठेवतो, म्हणाला तो. उर्कुया म्हणाली, तू काळजी करू नकोस, मी सांगते नीट. आणि फोन बंद करायच्या आत शेजारच्या कुणाशी तरी बोलली, ते नूरदीनच्या कानावर पडलं; अर्थ त्याला मागून कळला, आणि त्यानं ते बहिणीला सांगितलं. "आज सांगितलं तर समोवारापाशी कोण बसेल?"

मीरगुलच्या स्वतःच्या फोनमध्ये तेव्हा नेट नव्हतं. सुनेला कशाला हवं इंटरनेट, असं म्हणून सासूनं भरूच दिलं नव्हतं. बहिणींनी, आत्यांनी काय काय पाठवलं असेल ते सगळं वरच्या वर लटकत राहिलं. इकडं मीरगुल चहा ओतत होती. पाहुणे म्हणत होते, सून बघा कशी हसतमुख आहे. दुसरा दिवस भांडी घासण्यात, राहिलेलं मटण वाटण्यात गेला. तिकडं दुपार झाली, माणसं रस्त्याकडं बघून थकली, आणि कुलिपाला उचललं.

तिसऱ्या दिवशी मीरगुलला सांगितलं आणि गाडीत घातलं. ती पोचली तेव्हा अंगणातली युर्त, मयतासाठी उभारलेला गोल तंबू, उतरवून झाली होती. तिचं लाकडी कडं भिंतीला टेकवून ठेवलेलं आणि गवतावर नुसता गोल उरलेला. आमच्यात मुलगी आईसाठी युर्तीत बसून गाऊन रडते. ते रडगाणं आयुष्यात एकदाच गायचं असतं आणि ते ऐकायला आई तिथं असावी लागते, पडद्यामागं का होईना. मीरगुल त्या गवतावरच्या गोलात उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. आत्यानं विचारलं, "आईला मातीत घातल्यावर आलीस होय गं?" त्यावर उर्कुयानं पुढं होऊन डोळे टिपले. अंगावर पिणारं पोर आहे हिचं, एकदम सांगितलं असतं तर दूध आटलं असतं, म्हणून मीच काळजावर दगड ठेवला. बायकांनी माना डोलावल्या. सासू समजूतदार आहे, म्हणाल्या.

पोर तेव्हा गाईचं दूध पीत होतं. मीरगुलचं दूध कधीच बंद झालं होतं. हे घरातल्यांना माहीत होतं, बाहेर कुणाला नाही, आणि सुनेनं सासूला चार लोकांत खोटं पाडायचं नसतं. एरमेकला सांगितलं तर तो म्हणाला, आईनं तुझ्या भल्यासाठीच केलं असेल, उगाच मनात धरू नकोस.

तिनं मनात धरलं. चांगलं घट्ट धरलं. सासरच्या गोतातून खरोखर तिच्या आईसाठी म्हणून एकच माणूस अक-झारला गेलं होतं, उर्कुयाची थोरली बहीण बातमा मावशी. चाळीसाव्या दिवसाला गुडघे धरत बसमधून उतरली, कुलिपाच्या मातीवर बसून आली आणि कुणाला त्याची जाहिरात केली नाही. मीरगुल तेवढं विसरली नाही आणि बाकीचंही विसरली नाही. कुरुत वळून ती बाजारात विकायला लागली आणि पहिल्या कमाईतून तिनं काय केलं असेल तर स्वतःच्या फोनला चांगला दणदणीत प्लॅन लावून घेतला. तो तिनं पुन्हा कधी संपू दिला नाही.

तर आता कोचकोर. बाजाराच्या कोपऱ्यावर लोखंडी डब्यातलं फोनचं दुकान आहे, तिथं लांब नखांची एक पोरगी बसते. मीरगुलनं सासूचा फोन पुढं ठेवला आणि म्हणाली, स्वस्तातला प्लॅन हवाय, वापर थोडा आहे.

"थोडा म्हणजे कसा?" पोरीनं विचारलं. "व्हिडिओ बघतात?"

"मुलाचा फोन येतो संध्याकाळी. तेवढाच."

"आणि व्हॉइस मेसेज? बोलून पाठवतात की लिहून?"

मीरगुलनं मनात आठवून बघितलं. उर्कुया आणि लिहिणार? दूध काढून झालं की म्हातारी उन्हात बसायची, फोन तोंडाशी बशीसारखा धरायची आणि बातमा मावशीला गाय, गुडघा, शेजारीण, सून, सगळं सांगायची. मावशीचं उत्तर यायचं तेही तेवढंच लांब. शिवाय माहेरच्या बायकांचा ग्रुप होता. त्यात सगळ्या बोलायच्याच, लिहायला डोळे कुणाला होते? आणि एरमेकचा व्हिडिओ आला की आवाज मोठा करून अंगणात उभी राहायची, शेजाऱ्यांना कळावं म्हणून. या बाईचा सगळा जीव त्या आवाजांत होता, आणि ती म्हणत होती मला इंटरनेट कुठं लागतं.

पोरीनं समजावून सांगितलं. एक मोठा आहे, त्यात सगळं पोटभर. एक मधला आहे, आठवड्याला भरायचा, बोलून मेसेज पाठवणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पुरतो. आणि एक हा सगळ्यांत स्वस्त. त्यात लिहिलेले मेसेज कितीही फुकट, पण नेट थेंबभर. आवाज, फोटो, व्हिडिओ सगळं त्या थेंबातून जायचं. "हा घरी वायफाय असलेली पोरं घेतात," ती म्हणाली. "तुझ्या सासूला नको. चार दिवसांत कोरडा पडेल. मधला घे, फार फरक नाही."

"एकदा लावल्यावर बदलायचा झाला तर?"

"बदलायचे वेगळे पडतात."

मीरगुलला हसू आलं. कुलूप सापडलं होतं आणि किल्ली सासूच्याच कमरेला होती. वेगळे पैसे देऊन उर्कुया प्लॅन बदलेल ते सूर्य पश्चिमेला उगवेल त्या दिवशी.

"हाच दे," ती म्हणाली. "त्यांनी सगळ्यांत स्वस्त आण म्हणून सांगितलंय. मोठ्यांचा शब्द मी मोडत नाही."

पोरीनं मान वर करून तिच्याकडं नीट पाहिलं. तीही कुणाची तरी सून असणार. तिनं तोच प्लॅन लावून दिला. मीरगुल बाजारातून निघाली ती वाटेत पोरासाठी टरबूज घेऊन, आणि गाडीत खिडकीपाशी बसून गाणं गुणगुणत.

उर्कुया इतकी खूश झाली की विचारू नका. तिनं शेजारणींना बोलावून सांगितलं, तुम्ही सगळ्या लुटल्या जाताय, माझ्या सुनेनं बघा कसा शोधून आणला. चारचौघींत अशी फुशारकी मारली की मग माघार कसली घेणार?

चौथ्या दिवशी सकाळी ती उन्हात बसली, फोन तोंडाशी धरला, गाईपासून सुरुवात केली, आणि मेसेज काही जाईना. मावशीचा आला होता, त्याच्यावर बोट ठेवलं तर नुसतं गोल गोल फिरायला लागलं. तिनं फोन हलवला. घराच्या मागं जाऊन बघितलं, टेकाडावर चढून बघितलं. मग सुनेला हाक मारली.

"नेट संपलं, अपा," मीरगुल म्हणाली. "स्वस्तातला आहे ना. थोडक्यात भागवायचं असतं त्यात."

"मग आता?"

"आता एक तारखेला."

काय तोंड झालं म्हातारीचं! शेजारी कळायला नको म्हणून तिनं ओठ घट्ट मिटले. संध्याकाळी एरमेकनं व्हिडिओ लावला तो लागला नाही. मग त्यानं बायकोच्या फोनवर लावला. मीरगुलनं आधी स्वतः बोलून घेतलं, पोराला बोलू दिलं, मग फोन सासूकडं दिला, तोही हातात धरून, अंगणात नव्हे, चुलीपाशी. दुसऱ्या दिवसापासून उर्कुया तिच्याकडं यायला लागली. तुझं जरा माझ्या फोनला जोड गं, बातमाचं काय आलंय ऐकू दे. मीरगुल म्हणायची, हो अपा, दूध तापवून घेते. हो अपा, कणीक मळते. हो अपा, गोठा राहिलाय. आणि म्हातारी फोन मांडीवर घेऊन बसायची. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात ते उगाच नाही. मीरगुलला ते बघताना गोड लागायचं, खोटं कशाला बोला. रात्री आडवी झाली की तिला वाटायचं, बस, अजून थोडं. पण पोट भरत नव्हतं. ही सगळी चिल्लर होती. आईचं देणं चिल्लरीत फिटत नाही.

हिवाळा गेला. बातमा मावशी आजारली होती, तिचे मेसेज आखूड झाले होते. मग डोंगरावरचा बर्फ वितळून ओढे भरले, त्या दिवसांत एका सकाळी मीरगुल गोठ्यात असताना तिचा फोन वाजला. मावशीचा मुलगा सागिन होता.

"वहिनी, आई गेली पहाटे," तो म्हणाला. "उर्कुया मावशीला तुम्ही सांगा, आपल्या रीतीनं. उद्या दुपारी उचलतो. तोवर मावशी यायला हवी, एकुलती बहीण आहे."

मीरगुलनं हो म्हटलं. फोन खिशात टाकला आणि गाईच्या पाठीवर कपाळ टेकून उभी राहिली. आधी रडू आलं ते मावशीसाठी, खरं रडू. ते ओसरल्यावर तिला कळलं की आपल्या हातात काय पडलंय.

अंगणात उर्कुया उन्हात बसली होती. तिच्या मांडीवरचा फोन टुणटुण वाजत होता, थांबतच नव्हता. माहेरच्या बायकांचा ग्रुप. मीरगुल जवळ गेली तेव्हा म्हातारीनं फोन वर केला. एकाखाली एक आवाजाचे मेसेज पडले होते आणि सगळ्यांवर ते गोल फिरत होतं. कुणी लिहिलं नव्हतं, मरणाचं कुणी लिहीत नाही. सगळ्या बोलल्या होत्या, रडल्या होत्या, आणि ते सगळं रडं त्या स्वस्तातल्या फोनच्या दाराशी अडून बसलं होतं.

"आज काय झालंय या बायांना?" उर्कुया म्हणाली. "एवढ्या काय बोलतायत? जोड बघू तुझं."

"कुणाच्या तरी घरी बारसं असेल, अपा. चहा घ्या आधी, मग ऐकवते."

उर्कुया चहा प्यायला आत गेली. खडा दाढेत धरून, फुर्र फुर्र करत. मीरगुल समोर बसून ओतत राहिली. पेला भरायची, द्यायची, परत घ्यायची. तिला फक्त गप्प राहायचं होतं. उद्याची दुपार आपोआप आली असती. हिची बहीण हिच्याशिवाय मातीत गेली असती, हिलाही गवतावरचा रिकामा गोल दिसला असता. कुणी विचारलं असतं तर उत्तरही तयार होतं, नेट संपलं होतं, प्लॅन त्यांनीच स्वस्तातला मागितला होता.

एक पेला झाला, दुसरा झाला. तिसरा भरताना मीरगुलला पुढचं दिसायला लागलं. परवा बायका येतील. उर्कुयाला मधोमध बसवतील, पाठीवरून हात फिरवतील, बिचारीला बहिणीचं तोंडसुद्धा दिसलं नाही म्हणतील. बिचारी! वर्षभर ती बिचारी म्हणून मिरवेल आणि आयुष्यभर सुनेकडं बोट दाखवेल. शिवाय मावशी दुपारपर्यंत बहिणीची वाट बघत राहिली असती. तिनं काय केलं होतं कुणाचं? नाही, फिट्टंफाट करून हिला बिचारी होऊ द्यायचं नव्हतं. हिला तिथं न्यायचं होतं, वेळेवर न्यायचं होतं, सगळ्यांच्या आधी नेऊन बसवायचं होतं. तिथून हिला उठता येणार नव्हतं, आणि तिथं सुनेला कुणी गप्प करू शकणार नव्हतं. आमच्या मुलखात सुनेनं तोंड उघडलं तर ते झाकता येत नाही अशी एकच जागा आहे.

मीरगुलनं पेला सासूपुढं ठेवला आणि बाहेर जाऊन रीतीप्रमाणं सगळं केलं. दोन म्हातारे बोलावले, शेजारची थोरली काकू बोलावली. ते येऊन बसले, पावसाचं बोलले, कुरणाचं बोलले, मग एक म्हातारा म्हणाला की या जगात कुणी राहायला आलेलं नाही, आणि उर्कुयाच्या हातातून पेला पडला. मीरगुलनंच तिला मागून धरलं. मग तिच्या डोक्याला पांढरा रुमाल बांधला, गुडघ्याला लोकर गुंडाळली, गाडी बोलावली. काकू म्हणाली, सून असावी तर अशी.

संध्याकाळच्या आत त्या मावशीच्या गावी, कोक-आरिकला पोचल्या. अंगणात युर्त उभी होती, बाहेर पुरुष काठ्यांवर वाकून मोठ्यानं रडत होते. आत पडद्यामागं मावशी. बायका भिंतीकडं तोंड करून, कमरेवर हात ठेवून ओळीनं बसलेल्या. उर्कुयाला सगळ्यांत पुढं, पडद्यालगत बसवलं. तिच्या शेजारी मीरगुल बसली. उर्कुया गायली, बहीण गं माझी, माझी सावली गेली, असं बरंच, आणि बायकांनी तिला साथ दिली. रडणं खरं होतं, त्यात शंका नाही. मीरगुलनं ते पूर्ण होऊ दिलं.

मग तिनं स्वर लावला. आधी मावशीचं गायली, तिचे दुखरे गुडघे, तिचा मऊ हात, परक्याच्या आईसाठी बसमधून आलेली मावशी. मावशीच्या मयतात आपण हे करावं का, असं एक क्षण तिच्या मनात आलं. पण मावशी असती तर तिनं सरकून जागाच दिली असती. मीरगुलनं डोळे मिटले.

निघालीस मावशे त्या दूरच्या गावा,
तिथं माझी आई, तिला निरोप द्यावा.
कुलिपा तिचं नाव, डोईला पांढरा रुमाल,
ओळखशील तू तिला, माझ्यासारखी चाल.

बायकांनी साथ दिली. गेलेल्याच्या हाती निरोप धाडायची रीतच आहे. उर्कुयाची पाठ मात्र ताठ झाली, शेजारी बसलेल्या मीरगुलला ते खांद्याला कळलं.

सांग तिला, लेक तुझी आली नाही का,
समोवारापाशी होती, ओतत होती चहा.
घरच्या मोठ्यांना होता सकाळीच फोन आला,
पाहुण्यांची पंगत मोठी, आईचा जीव छोटा झाला.

साथ थांबली. युर्तीत एवढ्या बायका, पण बाहेरच्या घोड्याचं फुरफुरणं ऐकू यायला लागलं. उर्कुयानं एकदम मोठ्यानं हंबरडा फोडला, अगं माझ्या बहिणी, म्हणून. तिला वाटलं सुनेचा आवाज बुडेल. मीरगुल थांबली, तो हंबरडा संपेपर्यंत थांबली, आणि जिथं सोडलं होतं तिथूनच उचललं. रडणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही, तिच्याशी कुणी वाद घालत नाही, आणि युर्तीतून मयत उचलेपर्यंत सख्ख्या बहिणीला उठून जाता येत नाही. मीरगुलच्या गळ्यात दोन वर्षांचं साठलेलं होतं. ते घळाघळा आलं.

दूध आटेल म्हणाले, ठेवलं बाई झाकून,
नातू तुझा गाईचं पीत होता वाटीतून.
बाळाच्या पायाची दोरी कापली अंगणात,
लेकीच्या पायाला तीच बांधली गं घरात.
दुपारपर्यंत आई तू थांबून राहिलीस,
लेक वाडगे धूत होती, तू मातीत गेलीस.

नाव तिनं कुणाचंच घेतलं नाही. सून सासूचं नाव घेत नाही, आणि इथं घ्यायची गरजही नव्हती. गाणं संपलं तेव्हा तिचा रुमाल भिजून गळ्याला चिकटला होता, आणि आतून इतकं हलकं वाटत होतं की तिला त्याची लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

बातमाची थोरली जाऊ सोनुन त्या घरात सगळ्यांत वडील. ऐंशीच्या घरातली, पण आवाज अजून कढईसारखा खणखणीत. ती काठी टेकत उठली. रीत अशी की आधी मेलेल्याच्या बहिणीजवळ जायचं. सोनुन उर्कुयाच्या समोरून गेली, थांबली नाही, आणि मीरगुलचं डोकं तिनं आपल्या छातीशी ओढलं.

"तुझ्या आईची माती रेशमाची होवो, पोरी," ती म्हणाली.

तिच्यामागून दुसरी उठली, तिसरी उठली. ओळीनं सगळ्या आल्या, सागिनची बायको आली, दारातल्या आत आल्या. प्रत्येकीनं मीरगुलला कवटाळलं, प्रत्येकीनं कुलिपासाठी तेच म्हटलं. उर्कुया मधे बसून होती, सख्खी बहीण, आणि तिच्या डोक्यावरून बायकांचे हात पलीकडं जात होते. त्यांत तिच्या माहेरच्या बायकाही होत्या. यांच्यातच ती समजूतदार सासू म्हणून मिरवत आली होती.

"उर्कुया," सोनुननं विचारलं, "तू म्हटलंयस का हिला, आईची माती रेशमाची होवो, एकदा तरी?"

उर्कुया पुटपुटली की घरच्याच माणसाला काय म्हणायचं, ते समजूनच असतं.

"म्हण."

उर्कुयानं तोंड वळवलं. तिचे डोळे सुजले होते, रुमाल एका बाजूला घसरला होता, आणि सुनेकडं तिनं पाहिलं त्यात एवढा राग आणि एवढी लाज होती की मीरगुलला ते कुणी वाढून दिलं असतं तर तिनं ताटासकट खाल्लं असतं. म्हातारी घाईघाईनं, ओठांतल्या ओठांत म्हणाली. मीरगुलला प्रत्येक अक्षर ऐकू आलं.

"रडण्यात नीट कळलं नाही, अपा," ती नम्रपणे म्हणाली. "आईचं नाव घेऊन म्हणा."

सोनुननं काठी जमिनीवर टेकवून धरली होती. उर्कुयानं एकदा पडद्याकडं पाहिलं, एकदा दाराकडं. मग तिनं श्वास घेतला आणि कुलिपाचं नाव घेऊन, बाहेरच्या पुरुषांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते म्हटलं.